डॉक्टर, ‘बंद’ हा शब्दही चिठ्ठीवर लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
तसेच राज्यातील फॅमिली डॉक्टर, तज्ज्ञ डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

विषय : एकाच रुग्णाला मिळणाऱ्या परस्परविरोधी औषधसूचना

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे नोंदणीकृत फार्मासिस्ट आहोत. आमच्यातले काही रुग्णालयांच्या औषधविभागात आहेत, बाकीचे मेडिकलच्या काउंटरमागे. रुग्ण, त्याचा मुलगा किंवा सून दोन चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवतात आणि विचारतात, ‘हे डॉक्टर म्हणतात बंद करा, ते म्हणतात एकही दिवस चुकवू नका. आम्ही करायचं काय?’ हा प्रश्न सोडवण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तो रुग्णाने सोडवावा ही अपेक्षाच गैर आहे. दोन डॉक्टरांनी तो आपसात सोडवावा आणि उत्तर कागदावर द्यावे, एवढे आमचे मागणे आहे.

हे मागणे नवे नाही. डॉक्टरांच्या आचरणाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत आणि त्यांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवताना नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच्या आजाराचा सारांश सोबत द्यायचा आणि तज्ज्ञांनी आपले मत नेहमीच्या डॉक्टरांना लेखी कळवायचे. दोघांचे मत अजिबात जुळत नसेल, तर ते रुग्णाला किंवा नातेवाइकांना मोकळेपणाने, कोणाची बाजू न घेता समजावून सांगायचे, म्हणजे त्यांना हवे तर आणखी सल्ला घेता येतो. प्रत्यक्षात रुग्ण तज्ज्ञाकडे जातो तो शेजाऱ्याने सांगितले म्हणून, आणि परत येतो ती एक नवी चिठ्ठी घेऊन. जुन्या गोळ्यांचे काय करायचे याबद्दल त्या चिठ्ठीत अनेकदा अवाक्षर नसते.

सर्वांत धोक्याच्या जागेपासून सुरुवात करतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवलेला रुग्ण आहे असे धरा. चार महिने झाले आहेत. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम चालू आहे. दाढ दुखते म्हणून तो दंतवैद्याकडे जातो आणि त्याला तोंडी सांगितले जाते, ‘रक्त पातळ व्हायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा, मग दाढ काढू.’ हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलेले असते की वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही. स्टेंटच्या धातूवर रक्तवाहिनीचे आतले अस्तर चढायला महिने लागतात. त्याआधी या गोळ्या थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन एकाएकी हार्ट अटॅक येऊ शकतो. दाढेच्या खड्ड्यातले रक्त मात्र डोळ्यांसमोर असते. गॉज दाबून, टाका घालून, जिलेटिनचा स्पंज ठेवून किंवा ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्यांनी ते थांबवता येते. म्हणूनच साध्या दाढेसाठी या गोळ्या थांबवू नयेत असे आजचे बहुतेक मार्गदर्शन सांगते. दाढ मोठ्या शस्त्रक्रियेने काढायची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा.

त्याच वाक्यात आणखी तीन खाचा आहेत. पहिली ‘रक्त पातळ’ या शब्दाची. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, असेनोकुमारॉल, वॉरफरिन, अपिक्साबान या सगळ्यांना रुग्ण हेच नाव देतो. कृत्रिम झडप असलेल्या, असेनोकुमारॉल घेणाऱ्या माणसाचा नियम वेगळा आहे. त्याची आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठते याची तपासणी आधी पाहायची आणि ती मर्यादेत असेल तर बहुधा गोळी न थांबवताच दाढ काढता येते. शेजाऱ्याला मिळालेला ‘पाच दिवस बंद’ हा सल्ला तो स्वतःला लावून घेतो. दुसरी खाच एकत्र औषधांच्या कॅप्सुलची. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकाच कॅप्सुलमध्ये सर्रास मिळते. वर्ष उलटल्यावर डॉक्टर म्हणतात, ‘आता क्लोपिडोग्रेल थांबवा, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा.’ घरी गेल्यावर रुग्ण ती कॅप्सुल तरी घेत राहतो किंवा सगळीच सोडून देतो, कारण तिच्यातले एक औषध वगळणे त्याच्या हातात नसते. इथे तिन्ही औषधांची नावे सुटी लिहून, उरलेल्या दोघांची नवी चिठ्ठी द्यावीच लागते. तिसरी खाच आम्हाला सर्वांत जास्त सलते. पाच दिवस बंद करायला सांगितले जाते, पण पुन्हा कधी सुरू करायचे हे सांगितले जात नाही. दाढ निघते, दुखणे थांबते आणि गोळी कायमची बंद राहते. औषध तात्पुरते थांबवायचे असेल तर ते पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच ओळीत लिहायला हवी.

आता डिस्चार्ज कार्डाकडे येतो. ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ हे वाक्य जितक्या कार्डांवर असते तितके घोळ आमच्याकडे येतात. उदाहरण पाहा. पासष्टीचे गृहस्थ न्यूमोनियासाठी दाखल झाले. आधीपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० यांची एकत्र गोळी दोनदा, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम चालू होते. रुग्णालयाने टेल्मिसार्टन ४० दुसऱ्या ब्रँडने दिले, साखर वाढली म्हणून इन्सुलिन सुरू केले, पायाला सूज म्हणून लघवी वाढवणारे टोर्सेमाइड जोडले आणि खाली ते वाक्य लिहिले. गृहस्थ सांगितल्याप्रमाणे वागले, तर टेल्मिसार्टन रोज ८० जाते, इन्सुलिनसोबत ग्लिमेपिराइडही जाते आणि दोन्ही मिळून रात्री साखर कोसळते. ती कोसळली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे. चूक कोणाची हे ठरवणे अवघड, कारण प्रत्येकाने आपापल्या कागदापुरते बरोबरच लिहिलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली. तिने धोक्याच्या तीन जागा निवडल्या : खूप औषधे घेणारे रुग्ण, जोखमीची औषधे व प्रसंग, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारे रुग्णाचे हस्तांतर. वरच्या गृहस्थांच्या बाबतीत या तिन्ही जागा एकत्र येतात.

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या रकान्याशेजारी आणखी एक अरुंद रकाना पुरेसा आहे. त्यात चारपैकी एकच शब्द लिहायचा : नवे, चालू, बदलले, बंद. घरून आणलेल्या प्रत्येक औषधाला त्या यादीत एक ओळ मिळाली पाहिजे, मग ते डोळ्यांचे थेंब असोत, दम्याचा पंप असो की वैद्यांचे चूर्ण. थेंबांचा उल्लेख मुद्दाम करतो. काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉल डोळ्यातून नाकावाटे रक्तात उतरते. हृदयाचे डॉक्टर मेटोप्रोलॉल देतात तेव्हा नाडी दोन बाजूंनी मंदावते, आणि दम्याच्या रुग्णाला तर या थेंबांनी धाप लागू शकते. डोळ्यांच्या चिठ्ठीची फाइल मात्र वेगळीच ठेवलेली असते. थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरला तर औषध रक्तात कमी जाते, हे सांगायला दहा सेकंद लागतात. चूर्णांतही ज्येष्ठमध जास्त असेल तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. अशा वेळी बीपीच्या डॉक्टरांना गोळी लागू का पडत नाही हेच कळत नाही.

ब्रँड वेगळे आणि औषध एकच, हा घोळ स्वतंत्र बोलण्याजोगा आहे. जनऔषधी केंद्रातली पट्टी मूळ (जेनेरिक) नावाने येते, खासगी दवाखान्यातली ब्रँडने, आणि रुग्ण दोन्ही घेतो. सर्वांत सहज घडतो तो पॅरासिटामॉलचा हिशेब. हाडांच्या डॉक्टरांनी असेक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल ३२५ दिवसातून दोनदा दिले : ६५०. त्यांनीच तीव्र दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल अधिक पॅरासिटामॉल ३२५ दोनदा दिले : आणखी ६५०. ताप आला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० तीनदा लिहिले : १९५०. सर्दीची गोळी घरात होती, तिच्यात ५०० आहे, ती तीनदा घेतली : १५००. बेरीज ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृत आधीच दुखावलेले असेल तर त्याहूनही कमी. दोन्ही चिठ्ठ्यांवर आणि सर्दीच्या पट्टीवर ‘पॅरासिटामॉल’ हा शब्द ठळक लिहिलेला असता तर हा हिशेब घरच्या शाळकरी मुलानेही केला असता. २०१६ पासून औषधे मूळ नावाने, वाचता येईल असे आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असा नियम आहेच. ब्रँड जरूर लिहा, पण मूळ नाव सोडू नका. मूळ नावाशिवाय दोन चिठ्ठ्या ताडून पाहता येत नाहीत.

त्याच हाडांच्या गोळीची दुसरी टक्कर बीपीच्या औषधाशी होते. टेल्मिसार्टनसारखे औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाच्या गाळण्यांना होणारा रक्ताचा दाब तिन्ही बाजूंनी घटतो. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत असते, म्हणजे तिनांपैकी दोन आधीच पोटात आहेत. त्यात जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची रक्तातली खूण, दोन-चार दिवसांत चढते. अशा दिवसांत फॅमिली डॉक्टर मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी थांबवायला सांगतात, ते योग्यच असते. पण ‘नीट खाणेपिणे सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा सुरू करा’ हा दुसरा अर्धा भाग लिहायचा राहतो.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. सांधेवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. त्वचेच्या किंवा सांध्यांच्या डॉक्टरांनी तसे लिहिलेले असते, पण दुसऱ्या आजारासाठी दाखल केल्यावर वॉर्डातला कागद पुन्हा लिहिताना ‘ओडी’, म्हणजे रोज एकदा, असे उतरवले जाते आणि तेच डिस्चार्ज कार्डावर येते. आठवड्याला १५ मिलिग्रॅमऐवजी रोज १५ म्हणजे आठवड्याला १०५. आधी तोंड येते, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल दिले तर आठवड्याचा योग्य डोसही तितकाच घातक ठरू शकतो. चिठ्ठीवर वाराचे नाव हवे : ‘फक्त दर बुधवारी’. फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा लिहावा. या गोळीच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसले तर आम्ही ती देत नाही, आधी फोन करतो. रुग्ण रागावतो, ते आम्ही सोसतो.

‘सकाळी उपाशीपोटी’ या जागेसाठी रांग लागलेली असते, हे बहुधा कोणत्याच डॉक्टरांना एकट्याने दिसत नाही. थायरॉक्सिन उपाशीपोटी, अ‍ॅसिडिटीचे पँटोप्राझोल उपाशीपोटी, हाडांसाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेट उपाशीपोटी, ग्लिमेपिराइड नाश्त्याबरोबर, आणि कॅल्शियम व लोहाच्या गोळ्याही ‘सकाळी’. बाई सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन दुधाच्या चहाबरोबर गिळतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतात, चहा लोहाला. तीन महिन्यांनी थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेला निघतो आणि डोस ५० चा ७५ होतो. औषध कमी नव्हतेच, वेळ चुकली होती. आम्ही असा क्रम सुचवतो : सहा वाजता थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने, तास झाला तर उत्तम, सात वाजता पँटोप्राझोल, साडेसातला नाश्ता, लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणात, म्हणजे थायरॉक्सिनपासून दोन्ही चार तासांहून लांब राहतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या वारी ती गोळी पहिली, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. सकाळी जमतच नसेल तर थायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते, पण मग कॅल्शियम रात्रीच्या जेवणात नको. तो बदल डॉक्टरांनी स्वतः लिहून द्यावा.

उपवासाच्या दिवशी ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ हे दोन्ही शब्द निराधार होतात. एकादशी, संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे. मधुमेहाच्या रुग्णाला एक डॉक्टर म्हणतात ‘गोळी चुकवू नका’, दुसरे म्हणतात ‘उपाशी असाल तर घेऊ नका’. दोन्ही सल्ले अपुरे आहेत. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन पोट रिकामे असताना साखर खाली खेचतात. मेटफॉर्मिन एकटे असेल तर ती भीती फार कमी. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वरईचा भात खाऊन केलेल्या उपवासाला तर साखर वाढते, म्हणून सगळ्याच गोळ्या बंद ठेवणेही चुकीचे. कोणत्या गोळीचे काय करायचे, ही एक ओळ चिठ्ठीच्या मागे लिहून दिली तर वर्षभर पुरते.

लहान मुलांच्या बाबतीत ‘एक चमचा’ किंवा ‘अर्धा चमचा’ हा डोसच नाही. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे मिळते, २५० चेही मिळते आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० असते. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसऱ्यातून ३ आणि थेंबांतून १.५. एका डॉक्टरांची बाटली आणि दुसऱ्या डॉक्टरांचा चमचा असे घरात झाले की थेंबांचा ‘अर्धा चमचा’ २५० मिलिग्रॅम होतो. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीवरची ताकद हे तिन्ही लिहा.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या कुप्या आजही चालतात आणि पेनची काडतुसे १०० ची असतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर ५० युनिट जातात; उलट केले तर २० ऐवजी ८. रुग्णालयात पेन आणि घरी कुपी असा बदल होतो तेव्हा चिठ्ठीवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. थायरॉक्सिनचे मायक्रोग्रॅम, दशांश चिन्हाआधीचे शून्य यांचीही हीच काळजी. डोळ्यांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ चा अर्थ उजवा डोळाही होतो, हे विसरू नका.

खरा मतभेद यांहून वेगळा. क्लोपिडोग्रेल सहा महिने द्यायचे की बारा, ऐंशी वर्षांच्या माणसाचा रक्तदाब कुठवर खाली आणायचा, हृदयविकार नसताना अ‍ॅस्पिरिन द्यावे का, यांवर दोन चांगल्या डॉक्टरांचे मत वेगळे असू शकते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘कोणी दिली ही गोळी?’ अशा एका वाक्याने रुग्णाचा पहिल्या डॉक्टरांवरचा विश्वास उडवण्याबद्दल. असे झाले की रुग्ण दोघांचेही ऐकत नाही. मत वेगळे असेल तर त्याचे कारण लिहा. कारण वाचले की आम्हाला, पुढच्या डॉक्टरांना आणि रुग्णालाही कळते की हे विसरलेले नाही, विचार करून ठरवलेले आहे. सीटी स्कॅनच्या रंगद्रव्याआधी मेटफॉर्मिन थांबवायचे का, यावरून होणारे बरेच वाद तर एका आकड्याने मिटतात. मूत्रपिंडाचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा वेग, ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंड नुकतेच बिघडलेले असेल तर थांबवायचे, आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करायचे. तो आकडा चिठ्ठीवर नसला की रेडिओलॉजी विभाग सावधपणे सगळ्यांचेच थांबवतो आणि फिजिशियन सगळ्यांचेच चालू ठेवायला सांगतात.

आमच्या बाजूचे दोषही आहेत. फार्मासिस्ट हजर नसताना दुकाने चालतात. वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर औषध दिले जाते. पट्टी अशी कापली जाते की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते. हे बंद व्हायलाच हवे आणि त्यासाठी आम्ही आमच्या व्यवसायबंधूंशी भांडत आहोत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला औषध समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य ठरवले आहे. पण शेड्यूल एच मधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, लिहिलेले औषध बदलून दुसरे देण्यास औषध नियमांतला नियम ६५ आम्हाला मनाई करतो, आणि ती योग्यच आहे. चूक दिसली तरी दुरुस्ती तुमच्याच हातून व्हावी लागते. म्हणून आम्हाला तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट हवी.

चिठ्ठीवर एक नंबर आणि दिवसातले दोन तास छापा. फोन तुम्हीच उचलावा असे नाही, औषधांची माहिती असलेला सहायक चालेल. आमच्याकडून फोन असा असेल : रुग्णाचे नाव आणि वय, तुमच्या चिठ्ठीची तारीख, दोन्ही सूचना जशाच्या तशा, आणि हो-नाही उत्तर देता येईल असा एक प्रश्न. मिनिटाच्या आत संपेल. उत्तर आम्ही वेळ घालून चिठ्ठीवर नोंदवू, आणि औषध किंवा डोस बदलत असेल तर तुमच्या सहीची नवी चिठ्ठी आल्यावरच ते देऊ.

उत्तर येईपर्यंत रुग्णाला आम्ही जे सांगतो ते इथे देतो. त्यात काही चुकत असेल तर आम्हाला दुरुस्त करा. घरातली सगळी औषधे, थेंब-पंपांसह, एका पिशवीत घालून आणा. मूळ नाव एकच असेल तर दोनांपैकी एकच घ्या आणि किती मिलिग्रॅमचे ते त्याच दिवशी विचारा. स्टेंटनंतरच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, बरेच दिवस चाललेले प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधे आणि टाइप १ मधुमेहाचे इन्सुलिन ही ज्यांनी सुरू केली त्यांच्याशी बोलल्याशिवाय थांबवू नका. ज्यांनी थांबवायला सांगितले त्यांना एवढे विचारा : ‘ही गोळी कशासाठी चालू आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना, आणि पुन्हा सुरू कधी करायची?’ मेथोट्रेक्सेट रोज घेतले गेले असेल तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. साखर ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. काळी डांबरासारखी शौच, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले तर आमची वाट पाहू नका, १०८ लावा. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो. ही नोंद कोणाविरुद्धची तक्रार नसते, हे त्याला समजावून सांगावे लागते.

परिषदेकडे आमच्या दोन विनंत्या आहेत. ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ या वाक्यावर डिस्चार्ज कार्ड संपवू नये, असे परिपत्रक काढावे. आणि दुसऱ्या डॉक्टरांचे औषध थांबवताना किंवा बदलताना कोणत्या पाच गोष्टी लिहायच्या, याचा नमुना ठरवून द्यावा : औषधाचे मूळ नाव व ताकद, निर्णय, कारण, फेरविचाराची तारीख, आणि कोणाला कळवले. एक नमुना खाली देतो. चिठ्ठीच्या कोणत्याही कोपऱ्यात तो मावतो.

टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, सकाळची गोळी : बंद, आजपासून.
कारण : पोटॅशियम वाढलेले, ५.८.
त्याऐवजी : अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, सकाळी एक.
फेरविचार : ७ दिवसांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहून. तोवर घरातली जुनी पट्टी वापरू नये.
कळवले : फॅमिली डॉक्टरांना फोनवर, आज दुपारी १२.३० वाजता.

आपले नम्र,
राज्यातील काही नोंदणीकृत फार्मासिस्ट